मास्ट : ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या अतिनील वर्णपटांचे खुले भांडार

अंतराळ दुर्बिणींची निरीक्षणे जतन करणारे ‘मास्ट’ हे भांडार अमेरिकेतील बाल्टिमोर येथील स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट चालवते. तिथे बरेच जण हबलच्या छायाचित्रांसाठी जातात. पण ताऱ्यांचा आणि दीर्घिकांचा मन लावून अभ्यास करू पाहणाऱ्यासाठी या भांडाराचा सर्वांत मोलाचा कप्पा अतिनील वर्णपटांचा, म्हणजे जांभळ्यापलीकडच्या प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार केलेल्या नोंदींचा आहे, असे माझे ठाम मत आहे. सुमारे 3000 अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) कमी तरंगलांबीचा प्रकाश वातावरणातील ओझोन आणि ऑक्सिजन जमिनीपर्यंत पोहोचू देत नाहीत. त्यामुळे कितीही उंच डोंगरावर कितीही मोठी दुर्बीण उभारली, तरी या पट्ट्यातील निरीक्षण साधत नाही. जे अंतराळातून नोंदले गेले तेवढेच आपल्या हाती आहे, आणि त्याचा फार मोठा भाग इथे विनामूल्य मिळतो.

नवख्या अभ्यासकाने सुरुवात हबलपासून न करता ‘आययूई’ या जुन्या उपग्रहापासून करावी, असे मी सुचवेन. 26 जानेवारी 1978 रोजी सोडलेल्या या उपग्रहाचा आरसा अवघा 45 सेंटिमीटरचा होता. तरीही सप्टेंबर 1996 पर्यंत त्याने 1150 ते 3200 अँगस्ट्रॉम या पट्ट्यात 1 लाख 4 हजारांहून अधिक वर्णपट नोंदवले. आपल्याकडून हिवाळ्यात व्याधाच्या आग्नेयेला दिसणारा झीटा पपिस हा तारा घ्या. त्याच्या वर्णपटात 1548 अँगस्ट्रॉमजवळ तीनदा आयनीभूत झालेल्या (तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कार्बनचे उत्सर्जनशिखर आणि त्याच्या निळ्या बाजूला शोषणाची रुंद दरी दिसते. या दरीची कड मूळ तरंगलांबीपासून दहाहून अधिक अँगस्ट्रॉम सरकलेली असते. आपल्याकडे येणाऱ्या द्रव्याच्या रेषा वेगाच्या प्रमाणात निळ्या बाजूला सरकतात. म्हणजेच ताऱ्याचे द्रव्य सेकंदाला 2000 किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर फेकले जात आहे, हे आपल्याला साध्या त्रैराशिकाने स्वतः काढता येते. जानेवारी 1995 मध्ये हा तारा आणि आणखी दोन तारे यांवर सुमारे सोळा दिवस सलग नजर ठेवली गेली होती. ते वर्णपट वेळेच्या क्रमाने एकाखाली एक मांडले, की बाहेर वाहणाऱ्या द्रव्याच्या या वाऱ्यातील शोषणाचे पट्टे हळूहळू सरकताना दिसतात. याच संग्रहात 1987 च्या अतिनवताऱ्याचे वर्णपटही आहेत. त्याचा अतिनील प्रकाश झपाट्याने मावळल्यावर त्या जागी शेजारच्या दोन निळ्या ताऱ्यांचाच प्रकाश उरला, आणि स्फोट झालेला तारा कोणता, हे त्यावरून निश्चित झाले.

दीर्घिकांसाठी मात्र हबलवरील ‘कॉस’ या वर्णपटमापकाकडे वळावे लागते. मे 2009 मध्ये अंतराळवीरांनी तो बसवला. दीर्घिकेभोवतीचा विरळ वायू स्वतः जवळजवळ दिसत नाही. म्हणून तिच्या पाठीमागे दूरवर असलेल्या क्वेसारचा (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्राचा) प्रकाश त्या वायूतून येताना कुठे शोषला गेला, ते पाहिले जाते. ‘कॉस-हेलोज’ या प्रकल्पात चाळीसहून अधिक दीर्घिका अशा तपासल्या गेल्या. नवे तारे घडवणाऱ्या दीर्घिकांभोवती पाचदा आयनीभूत झालेला ऑक्सिजन सर्रास आढळला, तर तारानिर्मिती थांबलेल्या दीर्घिकांभोवती तो क्वचितच सापडला. या ऑक्सिजनची 1032 अँगस्ट्रॉमची रेषा 0.2 ताम्रसृतीच्या (विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबी 20 टक्के वाढलेल्या) दीर्घिकेत 1238 अँगस्ट्रॉमला येते. तेच मूळ वर्णपट उघडून अशी रेषा आपल्या डोळ्यांनी तपासता येणे, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे देणे वाटते.

सार्वजनिक झालेली माहिती घेण्यासाठी खाते उघडावे लागत नाही. एकाच लक्ष्याची अनेक निरीक्षणे एकत्र करून तयार ठेवलेले वर्णपटही मिळतात, आणि सुरुवातीला तेच घ्यावेत. परंतु लक्ष्य बदलते असेल, तर सरासरीत बदल झाकला जातो, म्हणून सुटी निरीक्षणे पाहावीत. शोधपानावरची छोटी आलेखचित्रे फक्त निवडीसाठी आहेत, मोजमापासाठी नव्हेत. फाइली फिट्स या खगोलशास्त्रातील प्रचलित स्वरूपात असतात आणि त्या हाताळायला पायथन ही संगणकभाषा थोडी यावी लागते. ‘कॉस’च्या वर्णपटात 1216 अँगस्ट्रॉमजवळ आणि 1302 ते 1306 अँगस्ट्रॉमच्या दरम्यान दिसणारी तीव्र उत्सर्जनशिखरे बहुधा पृथ्वीच्याच वरच्या वातावरणातील हायड्रोजन आणि ऑक्सिजनची असतात. ही सूचना माहितीपुस्तिकेत आहे, पण पडद्यावरच्या आलेखाशेजारीच ती ठळक असायला हवी होती, कारण नवा विद्यार्थी हमखास तिथेच फसतो.

आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या भारतीय खगोल उपग्रहावरील ‘यूव्हीआयटी’ या अतिनील दुर्बिणीच्या माहितीशी याची तुलना केली जाते, पण त्या दोन्हींचे काम वेगळे आहे. सुमारे 28 कलामिनिटांच्या (जवळजवळ पूर्णचंद्राएवढ्या) रुंद क्षेत्राची अतिनील चित्रे हवी असतील, तर ‘यूव्हीआयटी’ सरस आहे, आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत तिच्या माहितीसाठी साहाय्य मिळते. तिच्यावरही वर्णपट मिळवण्यासाठी ग्रेटिंग (प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवणाऱ्या जाळ्या) आहेत, परंतु त्यांचे पृथक्करण, म्हणजे जवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची क्षमता, कमी असल्याने अरुंद रेषांचा वेग मोजायचा असेल, तेव्हा ‘मास्ट’मधील हबलचे वर्णपटच घ्यावेत.