गाडी गेली, नाव मात्र माझंच राहिलं

आमच्या विश्रामबागेतल्या घरासमोर पत्र्याची शेड होती. सतरा वर्षं त्या शेडमध्ये आमची इंडिगो मरीना उभी असायची. डिसेंबर २०२४ मध्ये त्या जागेवर सासूबाईंसाठी खोली काढायचं ठरलं. त्यांचं वय ८२, दोन्ही गुडघे गेलेले, वरच्या मजल्यावरून महिनामहिना खाली उतरणं होत नव्हतं. गवंडी सोमवारी कामाला लागणार होता. त्याआधी शेड रिकामी करायची म्हणून गाडी विकायला काढली आणि पुरती फसले. कशी फसले ते सगळं इथे लिहिते आहे. माझ्यासारखीच घरातली जुनी गाडी जीव लावून सांभाळलेली माणसं सांगलीत गल्लोगल्ली आहेत, त्यांच्यापर्यंत हे पोहोचावं.

मरीना आता रस्त्यावर फारशी दिसत नाही. टाटांनी २००४ साली इंडिगोवरून ही गाडी काढली. नेहमीची वेगळी डिकी नाही, छत सरळ मागच्या दारापर्यंत गेलेलं, वर सामान बांधायला दोन दांड्या. आम्ही २००७ मध्ये डिझेलची घेतली, १४०५ सीसीची. मी गाणं शिकवते. मागची सीट पाडली की दोन तानपुरे गवसणीसकट आडवे मावायचे आणि शेजारी हार्मोनियमची पेटी. दुसऱ्या कुठल्याही गाडीत तानपुरा न्यायचा म्हणजे भोपळा कुणीतरी मांडीवर घेऊन बसायचं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून जवारी करून, म्हणजे सूर खुलावा म्हणून तारांखालची घोडी घासून, आणलेला तानपुरा ह्यांनी कधी टेम्पोत घालू दिला नाही. २०१९ च्या महापुरात याच गाडीतून ह्यांनी चार दिवस चपात्या, पाण्याचे कॅन आणि पांघरुणं पोहोचवली. २०२१ मध्ये हे गेले. मग वारसाचा फॉर्म ३१ भरून मी गाडी माझ्या नावावर करून घेतली, २०२२ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा पर्यावरण कर भरून पाच वर्षांचं रिपासिंगही केलं. म्हणजे आरटीओचे कागद मला नवे नव्हते. तरीही फसले.

ऑनलाइन जाहिरात टाकली. त्यात मी लिहिलं होतं, 'माझ्या यजमानांनी जिवापाड जपलेली गाडी आहे. घरच्यांसाठी वापरणाऱ्या, प्रेमाने सांभाळणाऱ्या कुटुंबालाच द्यायची आहे. खोलीच्या बांधकामासाठी जागा हवी असल्याने लवकर द्यायची आहे.' आज ती जाहिरात वाचताना दिसतं की समोरच्याने माझ्यापुढे काय बोलावं हे मीच त्याला लिहून दिलं होतं. मला पैशांपेक्षा चांगलं घर हवंय, मी एकटी बाई आहे आणि मला घाई आहे, हे सगळं त्या तीन ओळींत होतं.

आधी आलेल्या सहा-सात जणांनी पहिला प्रश्न विचारला तो, "पुरातली आहे का?" सांगलीत जुनी गाडी विकायची तर हा प्रश्न यायचाच, आणि तो योग्यही आहे. कुणी सीट उचलून खालचा गंज बघितला, कुणी बेल्ट पूर्ण ओढून त्यावर गाळाचा डाग आहे का ते पाहिलं. भाव पाडून मागितला. त्यांचं बोलणं मला कोरडं वाटलं. आता वाटतं, तीच माणसं खरी गिऱ्हाइकं होती. गाडी घेणारा गाडी तपासतो.

शनिवारी संध्याकाळी आलेल्याने काहीच तपासलं नाही. तिशीतला मुलगा, स्वच्छ शर्ट, चप्पल दाराबाहेर काढून आत आला, सासूबाईंच्या पाया पडला. "काकू, आमच्या आईला अर्धांगवायू झालाय. व्हीलचेअर घडी न करता मागं जाईल अशी गाडी शोधतोय. दुसऱ्या गाड्यांच्या डिकीत बसतच नाही बघा." मी त्याला मागचं दार उघडून दाखवलं, तर तो हाताने रुंदी मोजत म्हणाला, "बरोबर बसतीय." मला भरून आलं. ह्यांची गाडी कुणाच्या तरी आईच्या कामी येणार, याहून चांगलं काय होणार होतं? त्याने भावही केला नाही. मी ७५,००० सांगितले, तो हो म्हणाला. इंजिन चालू करून बघितलं नाही, गाडी चालवून बघितली नाही, विम्याची तारीखही विचारली नाही. त्याच क्षणी मला खटकायला हवं होतं.

पाच हजार टोकन त्याने तिथेच फोनवरून दिले, ते लगेच जमा झाले. रविवारी सकाळी गाडी न्यायला एका मित्राला घेऊन आला. वीस हजार रोख मोजून दिले आणि उरलेले पन्नास हजार समोरच एनईएफटी केले म्हणून फोनची स्क्रीन दाखवली. माझं नाव बरोबर, रक्कम बरोबर, वर हिरवी खूण. माझ्या फोनवर मेसेज आला नाही तेव्हा म्हणाला, "आज रविवार हाय काकू, बँक बंद. उद्या अकराला जमा व्हतील. व्हाट्सॅपला फोटो पाठवलाय बघा." मी विश्वास ठेवला. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास चालतं हे मला सोमवारी बँकेतल्या बाईंनी सांगितलं. रविवार हे कारणच होऊ शकत नव्हतं. आणि समोरच्याच्या फोनवरची स्क्रीन म्हणजे काहीच नव्हे. आपल्या खात्यात, आपल्या पासबुकात पैसे दिसले तरच ते आले.

याहून मोठी चूक कागदांची झाली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म त्याने आपलेच आणले होते, टीटी फॉर्म म्हणतात ते, म्हणजे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. घेणाऱ्याचा रकाना कोरा. "आईच्या नावावर घ्यायची का माझ्या, ते वकिलाला विचारून भरतो." मी सह्या केल्या. मूळ आरसी दिली, विम्याचे कागद दिले, आधारच्या झेरॉक्सवर सही करून दिली, दोन्ही चाव्या दिल्या. त्याच्या आधारची प्रत मागितली तेव्हा "घरी राहिलं, संध्याकाळी पाठवतो" म्हणाला. मी जोर धरला नाही. पायात चप्पल नसलेल्या, आजारी आईचं बोलणाऱ्या पोराकडे ओळखपत्र मागायला मला संकोच वाटला. हा संकोच मला फार महाग पडला.

एकच गोष्ट त्या दिवशी बरी घडली, तीही मायेपोटी. गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी मी सासूबाईंना खुर्चीवर बसवून गाडीसोबत फोटो काढला. त्याने टाळायचा प्रयत्न केला, पण मागच्या दाराशी तो उभा होता आणि तोंड वळवेपर्यंत फोटो निघाला होता. नंबर प्लेट, त्याचा चेहरा, तारीख, वेळ, सगळं त्यात आलं. पुढे माझ्या बाजूने सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो हा निरोपाचा फोटो.

सोमवारी पैसे आले नाहीत. मंगळवारपर्यंत तो फोन उचलून काहीतरी कारणं सांगत होता, बुधवारी फोन बंद. तरी मला वाटत होतं की आईच्या दुखण्यात अडकला असेल. तेवढ्यात फास्टॅगचे मेसेज यायला लागले. काचेवरचा टॅग माझ्या खात्याला जोडलेला तसाच राहिला होता. पहिल्या रात्री १:५० ला कोगनोळीचा टोलनाका, अडीच वाजता किणी, साडेतीनला तासवडे, सव्वाचारला आनेवाडी. मी मनात म्हटलं, आईला पुण्याला दवाखान्यात नेत असेल. दोन रात्री सोडून पुन्हा तेच चार नाके, त्याच क्रमाने, त्याच वेळांना. मग पुन्हा. कोगनोळी म्हणजे कर्नाटकची हद्द. आजारी बाईला दर तिसऱ्या रात्री निपाणीकडून पुण्याकडे कोण नेईल? पहाटे चारला अंथरुणात बसून मी ते मेसेज वाचत होते आणि पोटात गोळा येत होता. ती गाडी अजूनही माझ्या नावावर होती.

जानेवारीत हद्दीजवळच्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला. गाडीत गुटख्याची पोती सापडली होती. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि हा माल सीमेपलीकडून रात्रीचा आणला जातो. ज्या मागच्या जागेत आमचे तानपुरे निजून जायचे त्याच जागेत पोती भरली होती. वर काळं कापड टाकलं की बाहेरून साधी घरगुती जुनी गाडी. चालक भलताच कुणीतरी होता, त्याने सांगितलं की गाडी त्याने दुसऱ्याच माणसाकडून घेतली. माझ्याकडे आलेल्या मुलाचं नाव त्याला माहीत नव्हतं. नोंद मात्र माझीच होती, म्हणून बोलावणं मला आलं.

भाच्याबरोबर गेले. हात थरथरत होते. जबाब घेणाऱ्या अंमलदारांनी नीट ऐकून घेतलं. जाहिरात, व्हाट्सॅपवरचं बोलणं, खोट्या एनईएफटीचा फोटो, निरोपाचा फोटो आणि बँकेतून काढलेलं फास्टॅगचं स्टेटमेंट मी पुढे ठेवलं. त्या रात्रींना मी सांगलीतच होते, क्लासच्या हजेरीवहीत नोंद होती. फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली सांगलीत दिली. बँकेचा खोटा फोटो दाखवून फसवलं होतं म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही कळवलं, पण तिकडे पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे गोठवता येतात आणि माझ्या बाबतीत तर पैसे मुळात निघालेच नव्हते. तक्रारीची प्रत जोडून आरटीओत अर्ज दिला की माझ्या सहीचे कोरे फॉर्म कुणी आणले तर परस्पर नाव बदलू नये.

वकिलांनी जे समजावलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. आपण सगळे समजतो की नाव लावून घेणं हे घेणाऱ्याचं काम. तसं नाही, कळवणं आपलंही काम आहे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच. त्या खटल्यातली गाडी २००७ मध्ये विकली गेली होती, पुढे आणखी हात बदलले, अपघात २००९ मध्ये झाला, तरी जबाबदारी पहिल्या मालकावर आली कारण नोंदीत नाव त्याचंच होतं. हे ऐकून मी गारठले. माझ्या गाडीने त्या पहाटेच्या अंधारात कुणाला उडवलं असतं तर? गुटख्याचं प्रकरण त्यामानाने सुटकाच म्हणायची.

म्हणून कळकळीने सांगते, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख तुमच्यासमोर भरू द्या आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. त्याचं मूळ आधार हातात घेऊन चेहरा ताडून बघा. ताबा पावती करा, साध्या कागदावर चालेल, पण त्यात तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरही लिहा, कारण त्या मिनिटानंतर गाडीने काय केलं याचा जाब त्याने द्यायचा आहे. शक्य असेल तर दोघांनी मिळून आरटीओत जा आणि ऑनलाइन अर्ज दाखल झाल्याची पावती हातात आल्यावरच दुसरी चावी द्या. जुन्या गाड्यांच्या डीलरला देणार असाल तर १ एप्रिल २०२३ पासून नियम बदलले आहेत. त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र असावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याचा फॉर्म २९सी ऑनलाइन भरला जातो. तो भरतो का ते बघा. नुसता शब्द घेऊन येऊ नका. मग दर आठवड्याला एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून मालकाचं नाव बदललं का ते बघत राहा, चलनंही त्याच वेळी बघा. फास्टॅग खरं तर गाडी देतानाच बंद करायचा असतो. माझा राहून गेला आणि त्याचाच पुरावा झाला, पण तो योगायोग होता.

आणि गाडीवरची माया जाहिरातीत लिहू नका. माया असू द्या, मलाही ती अजून आहे. पण ती घेणाऱ्याला आधी कळू देऊ नका.

मार्चमध्ये गाडी बघायला गेले. ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत आणखी दहा-बारा गाड्यांच्या रांगेत उभी होती. मागची सीट काढून टाकलेली, छतावरची एक दांडी तुटलेली, आत तंबाखूचा उग्र वास. भोपळा घासू नये म्हणून ह्यांनी दाराच्या आतल्या बाजूला मखमलीची पट्टी चिकटवली होती, ती तेवढी जागेवर होती. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, गाडी परत मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज केला आहे. दोन तारखा झाल्या, तिसरी पुढच्या महिन्यात आहे. पन्नास हजारांचं आणि त्या मुलाचं अजून काही कळलेलं नाही.

सासूबाईंची खोली झाली. खिडकी त्यांनी रस्त्याच्या बाजूला मागून घेतली. परवा विचारत होत्या, "गाडी आली तर ठेवायची कुठं गं?" समोरच्या देशपांडे वहिनींनी त्यांच्या चिंचेखालची जागा झाडून ठेवली आहे.