कोरोनात कामासाठी विमान: मुंबई टर्मिनल २ (टी-२) ते अहमदाबाद आणि परत (डिसेंबर २०२०)

हे डिसेंबर २०२० मधे लिहिलंय, यातले कोरोनाचे नियम, बंदी आणि दर सगळे तेव्हाचे, आता लागू नाहीत. ज्यांना फिरायला जायचंय त्यांच्यासाठी हे नाही, तुम्ही अजून थोडे दिवस घरीच थांबा ही कळकळीची विनंती. हे लिहितोय ते आमच्यासारख्यांसाठी, ज्यांना ऑफिसमधनं फोन येतो की उद्या निघ, मशीन बंद पडलंय. मी सर्व्हिस इंजिनिअर आहे, औषधांच्या गोळ्यांची पाकिटं करायची जी ब्लिस्टर मशीन असतात त्यांचं काम, आणि सध्या औषधाची लाईन दोन दिवस बंद ठेवा असं कुठलाच फॅक्टरीवाला म्हणू शकत नाही. एरवी अहमदाबादला आम्ही रात्रीच्या ट्रेननेच जायचो, आता कंपनी विमानाचं तिकीट काढते.

पहिलं सांगतो ते विमानतळापर्यंत पोचायचं. मी डोंबिवलीचा. लोकल अजून अत्यावश्यक सेवेवाल्यांना आणि ठरावीक वेळेत बायकांनाच, त्यामुळे घाटकोपरला उतरून मेट्रो पकडायचा आपला नेहमीचा रस्ता बंद. मेट्रो १९ ऑक्टोबरपासून सुरू आहे पण तिच्यापर्यंत जायचं कसं? म्हणजे घरापासून थेट कॅब, आणि तिचा खर्च तिकिटाच्या जवळपास निम्मा होतो. हे कंपनीशी आधीच बोलून घ्या, नंतर अकाउंट्सवाले तुमच्याशी वाद घालतात.

टी-१ बंद आहे, सगळी डोमेस्टिक विमानं टी-२ वरनंच. आणि टी-२ बद्दल मला मनापासून चांगलं लिहायचंय. २५ मे ला विमानं परत सुरू झाली तेव्हा मुंबईतनं दिवसाला फक्त २५ जाणार आणि २५ येणार एवढीच परवानगी होती, तिथपासून आता गर्दी बरीच वाढलीय तरी रांगा विस्कटलेल्या नाहीत. गेटवर सीआयएसएफचा, म्हणजे विमानतळाच्या सुरक्षा दलाचा, जवान काचेमागे, तिकीट आणि आधार कॅमेऱ्यासमोर धरायचं, मास्क क्षणभर खाली, बस. कोणी तुमच्या कागदाला हात लावत नाही. बोर्डिंग पासवर शिक्का मारणं पण बंद. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे एक ट्रॉलीवाले काका प्रत्येक ट्रॉलीचा दांडा पुसून मगच पुढे ढकलत होते, कोणी बघत नसताना पण. जमिनीवर पायांच्या खुणा, खुर्च्यांवर एक सोडून एक स्टिकर, आणि लोक खरंच पाळत होते. स्टाफ दिवसभर मास्क आणि शील्डमधे उभा आहे, त्यांच्याशी नीट बोला.

हत्यारांची बॅग घेऊन जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. स्पॅनर, स्क्रूड्रायव्हर, टॉर्क रेंच सगळं चेक-इनमधे, पण कॉर्डलेस ड्रिलच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवायच्या, त्या चेक-इनमधे चालत नाहीत. माझ्यासमोर एका माणसाची बॅग परत मागवली होती ह्याच कारणासाठी, बिचारा घामाघूम. मल्टिमीटर केबिन बॅगेत चालला. वेब चेक-इन घरूनच करा, ते आता कंपल्सरी आहे, आणि आरोग्य सेतू हे सरकारी कोरोना अ‍ॅप फोनमधे ठेवा.

आता विमान. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण बाकीच्यांकडे पण हेच चालू आहे असं दिसतंय. मे मधे एक तृतीयांश विमानं उडवायची परवानगी होती, आता डिसेंबरात ८० टक्के, म्हणजे विमानं वाढली, पण मधली सीट पहिल्या दिवसापासून विकतातच. तिकिटाला सरकारने खालची आणि वरची मर्यादा घातलीय, मुंबई-दिल्लीला ३५०० ते १०,०००, म्हणजे अगदीच लुटत नाहीत हे खरं, पण पैसे घेऊन माणसाला दोन अनोळखी लोकांच्या मधे बसवायचं आणि वर एक गाऊन द्यायचा हे मला पटलेलं नाही. गेटवर एक पाकीट देतात, त्यात मास्क, फेस शील्ड, सॅनिटायझरचे पाऊच. मधल्या सीटवाल्याला पांढरा गाऊनपण. जाताना ती सीट माझी होती. तो गाऊन पातळ, कागदासारखा, मागे बांधायचं तर शेजाऱ्याला सांगावं लागतं, म्हणजे अंतर कुठं राहिलं? शील्डच्या आत चष्म्यावर वाफ, एसी असून मान घामाने ओली, आणि पट्टा लावताना गाऊन काखेत टर्रकन फाटला. उतरल्यावर तो काढून पिवळ्या पिशवीच्या डब्यात टाकायचा.

पण घाबरू पण नका, हे मी माझ्या कामाच्या माहितीवरनं सांगतो. विमानात हेपा फिल्टर असतात, ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतात, औषध फॅक्टरीच्या क्लीन रूममधे आम्ही रोज बघतो तेच. केबिनची हवा दोनतीन मिनिटांत बदलते आणि वरनं खाली जाते, पुढून मागे नाही. डोक्यावरचा नॉझल बंद करू नका, चालू ठेवा. खरी भीती उडताना नाहीच, ती आहे विमान थांबल्यानंतर. चाकं टेकली की अर्धं विमान उभं, बॅगा काढायला एकमेकांच्या अंगावर, एअर होस्टेस माईकवर सांगतेय की रांगेप्रमाणे उठा पण ऐकतंय कोण. आणि मग ती बस! विमानात एवढं सगळं करून बसमधे दांड्याला लटकून सगळे चिकटून उभे. ह्याच्यावर विमान कंपनीने एकच करायचंय, दोन बस जास्त लावायच्या. मी उतरायला शेवटपर्यंत बसून राहिलो आणि दुसऱ्या बसने गेलो, ती निम्मी रिकामी होती. तुम्ही पण तेच करा, बॅग पट्ट्यावर यायला वेळ लागतोच.

अहमदाबादला रात्री ९ ते सकाळी ६ कर्फ्यू आहे, त्यामुळे शक्यतो सकाळची किंवा दुपारचीच फ्लाईट घ्या, आणि बोर्डिंग पास फेकू नका, रस्त्यात पोलिसांनी विचारलं तर तोच दाखवायचा.

आता सगळ्यात त्रासाचा भाग, परत येताना. २५ नोव्हेंबरपासून दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून महाराष्ट्रात विमानाने येणाऱ्याला कोरोनाच्या आरटी-पीसीआर टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट लागतो, आणि सॅम्पल मुंबईत उतरायच्या आधी ७२ तासांच्या आतलं पाहिजे. नियम बरोबर आहे, माझी तक्रार नियमाबद्दल नाही. पण ब्रेकडाऊनवर गेलेल्या माणसाला मशीन कधी चालू होईल ते माहीत नसतं. लवकर टेस्ट केली आणि काम लांबलं तर रिपोर्ट फुकट, उशिरा केली तर रिपोर्ट यायच्या आत फ्लाईट. मी तिथल्या एका लॅबमधे सॅम्पल दिलं, संध्याकाळी देतो म्हणाले, संध्याकाळी फोन केला तर सकाळी, सकाळी कोणी फोनच उचलेना. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की रिपोर्ट नाही आला तर मुंबईला उतरल्यावर स्वखर्चाने टेस्ट करावी लागेल. बोर्डिंगची रांग सुरू झाल्यावर रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली, निगेटिव्ह. तोपर्यंत घरी काय सांगायचं, आई सत्तरीची आहे, हेच डोक्यात चालू होतं. लॅबवाल्यांनी एक मेसेज केला असता की उशीर होतोय तरी पुरे होतं.

मुंबईला उतरल्यावर रिपोर्ट बघणारे फक्त एक गोष्ट शोधतात, सॅम्पल घेतल्याची वेळ. रिपोर्टवर दोन वेळा असतात, सॅम्पलची आणि रिपोर्ट तयार झाल्याची, ७२ तास पहिल्यापासून मोजतात. लॅबमधनं निघायच्या आधी ती वेळ आणि आपलं नाव आधारप्रमाणे बरोबर टाकलंय का बघून घ्या. ज्यांच्याकडे रिपोर्ट नव्हता त्यांची टेस्टसाठी वेगळी रांग होती, तीपण शिस्तीत सरकत होती, कोणी आरडाओरडा करत नव्हतं.

तर माझे मार्क: टी-२ ला पाचपैकी पाच, विमान कंपनीला अडीच, त्या लॅबला शून्य. सीट निवडायचे पैसे लागले तरी खिडकीची घ्या आणि कंपनीकडून मागून घ्या, माझ्या साहेबांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर मंजूर केले. टेस्टचं बिल आपल्या नावावर पक्कं घ्या, कॅबची पावती लावा, आणि ब्रेकडाऊनवर जात असाल तर परतीचं तिकीट आधी काढूच देऊ नका, मशीन चालू झाल्यावर सॅम्पल द्या आणि मगच बुक करायला सांगा.