पिसवांची ‘एका फवारणीत हमी’ आणि आमची चिंगी

दरवर्षीप्रमाणे यंदाही गणपतीला आम्ही गावी, संगमेश्वरला गेलो होतो. डोंबिवलीचं घर बारा दिवस बंद होतं आणि चिंगी, आमची मांजर, बदलापूरला नणंदेकडे होती. परतलो त्या रात्री दार उघडून हॉलमध्ये पिशव्या ठेवल्या आणि घोट्यांना सुया टोचायला लागल्या. मुलाच्या पायात पांढरे मोजे होते. त्यांवर तिळाएवढे काळे ठिपके दिसले. मी वाकून बघायला गेले, तर ते टणाटण उड्या मारायला लागले.

श्रावणात चिंगी फार खाजवत होती, हे मला तेव्हा आठवलं. पावसाळ्यात होतं असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एका पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर मिळाला. माणूस बोलायला गोड. “ताई, पिसवा ना? एका फवारणीत साफ. हर्बल औषध आहे, वास नाही, मांजरीला काही नाही. वर्षाची लेखी हमी देतो.” सासूबाईंनी घाबरून विचारलं, घरात लहान मूल आहे, पिसवांनी काही रोग तर होत नाही ना? तो लगेच म्हणाला, “आजी, सुरतचा प्लेग आठवतो ना? तो पिसवांनीच आणला.” सासूबाईंना 1994 चे ते दिवस चांगले आठवतात, तोंडाला रुमाल बांधून फिरणारी माणसं आठवतात. मग भाव करायचा प्रश्नच उरला नाही. 5,500 रुपये मी आगाऊ पाठवले. परवाना विचारला, तर मोबाइलवर एक फोटो क्षणभर दाखवून त्याने फोन खिशात टाकला.

फवारणी वीस मिनिटांत आटोपली. स्वयंपाकाच्या ओट्याखाली, ट्रॉलीच्या मागे, बाथरूमच्या जाळीवर, म्हणजे झुरळांसाठी मारतात तशीच. हॉलमधला दिवाण त्याने हलवला नाही, सतरंजी उचलली नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मांजर झोपते कुठे, हे त्याने एकदाही विचारलं नाही. पिसवांचं काम करायला आलेल्या माणसाचा खरं तर तो पहिला प्रश्न असायला हवा.

दोन दिवस बरं वाटलं म्हणून चिंगीला घरी आणलं. सहाव्या दिवशी पुन्हा घोटे लाल. फोन केला, तर म्हणाला, “ही पिसवांची दुसरी जात आहे, पहिल्या औषधाला दाद देत नाही. स्ट्राँग मारावं लागेल.” हमीचं विचारलं, तर हमी पहिल्या जातीची होती म्हणे. आणखी 3,200 रुपये गेले. निघताना त्याने खिशातून एक छोटी बाटली काढली. लेबल नाही, बूच पिवळं. “मांजरीच्या मानेवर आठ-दहा थेंब टाका, 600 रुपये.” मीही टाकले. हे लिहिताना आजही हात थरथरतो.

रात्री अकराच्या सुमारास चिंगीचे कान फडफडायला लागले. मग मागचे पाय लटपटले, तोंडातून लाळ गळायला लागली आणि थोड्या वेळात सगळं अंग कापायला लागलं. रिक्षात मी तिला टॉवेलमध्ये धरून बसले होते, तेव्हा ते थरथरणं माझ्या छातीला जाणवत होतं. डॉक्टरांनी बाटली हुंगली, मान बघितली आणि पहिलाच प्रश्न केला, “हे कुत्र्याचं औषध कोणी दिलं?” त्यांचा संशय परमेथ्रिनवर होता. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या कितीतरी औषधांत ते असतं. कुत्र्याच्या अंगाला ते चालतं, पण मांजरीच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. त्यांनी आधी झटके थांबवणारं इंजेक्शन दिलं. मग कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण घालून चिंगीची मान धुऊन काढली आणि तिला सलाईन लावलं. दोन रात्री ती तिथेच होती. खर्च 9,400 रुपये आला. चिंगी वाचली, पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले की घरी सकाळची वाट बघितली असती तर सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं, आणि आपल्याला नेमकं कुठे फसवलं ते मला तेव्हा कळलं. दुसरी जात वगैरे काही नव्हतं. मांजरांवर बहुतेक वेळा एकच जात असते, मांजर-पिसू. प्लेगची मुख्य वाहक उंदरावरची पिसू, ती वेगळी. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती अंगाला चिकटून राहत नाहीत. मांजर जिथे झोपते तिथे मिठाच्या कणांसारखी गळतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेडापासून पळतात, म्हणून दिवाणाखाली, सतरंजीच्या घडीत, फरशीच्या फटीत जाऊन बसतात. पुढे त्या कोश विणतात. कोश चिकट असल्यामुळे त्याला धूळ लागते आणि तो दिसतच नाही.

या कोशाच्या आत फवारणीचं औषध पोचत नाही. आतली पिसू तयार होऊन कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, वाट बघत राहते. जमिनीला हादरा बसला, ऊब जाणवली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की ती बाहेर येते. आम्ही बारा दिवसांनी आत पाऊल टाकलं आणि त्या एकदम उसळल्या, त्या याचमुळे. चांगली फवारणी झाली तरी दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, नव्या पिसवा दिसतच राहतात. हे त्या माणसाला पक्कं माहीत असणार. पहिल्यांदा ते लपवून त्याने ‘एका फवारणीत साफ’ विकलं आणि मग त्याच पिसवा दाखवून दुसरी फवारणी विकली. खरं काम करणारा माणूस हे आधीच सांगतो.

डॉक्टरांनी चिंगीच्या अंगातून बारीक दातांची फणी फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या कापसावर टाकले. कणांभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे चिंगीचंच पचलेलं रक्त. कुणालाही घरी करून बघता येईल अशी ही परीक्षा आहे. साध्या धुळीला असा रंग सुटत नाही. अंग चाटताना मांजर पिसू गिळते आणि त्यातून पोटात पट्टकृमी होतात, म्हणून जंताची गोळीही दिली. चिंगीच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काहीतरी मला आधी दिसलं होतं, त्याचा अर्थ तेव्हा लागला.

ती पूर्ण बरी झाल्यावर डॉक्टरांनी वजन करून, मांजरांसाठीचेच थेंब दिले. दर महिन्याला एकदा, सलग तीन महिने तरी, मधे खंड नाही. घरात दोन जनावरं असतील तर दोघांनाही द्यायचं, पण प्रत्येकाला त्याचं वेगळं औषध. घरी मी रोज दिवाण ओढून व्हॅक्यूम फिरवायचे. त्याच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवा बाहेर पडतात, हा त्यातला मोठा फायदा. आतला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाकायचे. चिंगीची गोधडी आणि सतरंजी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात. पाचव्या आठवड्यापासून मुलाच्या पांढऱ्या मोज्यांवर एकही ठिपका दिसला नाही.

त्याच आठवड्यात त्या माणसाचा फोन आला. “बघा ताई, आपलं औषध लागू पडलं! आता वार्षिक करार करून टाकू.” मी परवाना क्रमांक मागितला. कीटकनाशक कायदा, 1968 खाली धंदा म्हणून फवारणी करणाऱ्याला परवाना लागतो, हे मला तोवर कळलं होतं. बाटलीत काय होतं, तेही विचारलं. त्याने फोन कापला आणि नंतर माझा नंबर ब्लॉक केला. पावती काढून बघितली, तर तिच्यावर ना पत्ता, ना औषधाचं नाव.

तरीही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. पैसे पाठवल्याची नोंद, डॉक्टरांचे कागद आणि पिवळ्या बुचाची ती अर्धी बाटली मी एका डब्यात बंद करून ठेवली आहे. तुमच्याकडे कुणी अशी बिनलेबलची बाटली घेऊन आला, तर ती उघडण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि चुकून थेंब पडलेच असतील, तर रात्र असली तरी थांबू नका.