कुत्र्याच्या किमोचे साइड इफेक्ट: कुठलं औषध कधी, आणि घरचे उपाय कुठपर्यंत

किमो करायची की नाही हे ठरलंय, पहिला डोस झालाय किंवा होणारे, आणि आता घरी आणल्यावर उलट्या सुरू झाल्या तर काय द्यायचं यावर घरात तीन जणांची चार मतं आहेत, अशांसाठी हे लिहितेय. आमच्या लॅब्राडॉरला लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) होता, चॉप प्रोटोकॉल दिला (व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि रोजचं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड), त्यामुळे उदाहरणं जास्त करून त्यातलीच येतील. टीव्हीटीच्या (कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारा, बहुधा गुप्तांगावर होणारा ट्यूमर) गाठीसाठी नुसतं व्हिन्क्रिस्टिन चालू असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. आणि डोस व्हेटनेच ठरवायचा, मी इथे फक्त कशाने काय होतं ते सांगतेय.

आधी जरा धीर देते. माणसांच्या किमोचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं तसं कुत्र्यांचं सहसा होत नाही, कारण त्यांना डोसच मुद्दाम कमी देतात, चांगले दिवस मिळावेत हा हेतू असतो. बऱ्याच जणांना थोडंफार पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही, अॅडमिट करायची वेळ थोड्यांवरच येते. केसही बहुतेकांचे गळत नाहीत, पूडल किंवा शिह त्झू अशा सतत केस वाढणाऱ्यांचे गळतात, बाकीच्यांच्या फार तर मिशा जातात.

डोसनंतरचे दिवस मात्र मोजून लक्षात ठेवा. पोटाचा त्रास साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी येतो आणि पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात त्या सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, तेव्हा जंतुसंसर्गाची भीती असते. म्हणजे तिसऱ्या दिवशी उलटी झाली तर उलटीचं बघायचं, आठव्या दिवशी मलूल पडला तर आधी टेंपरेचर बघायचं. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक दोन्हीला एकच गोळी देत बसतात.

उलटीची गोळी आधीच द्यायची की झाल्यावर?

हे कुठलं औषध चढवलंय त्यावर आहे. डॉक्सोरुबिसिननंतर पाच दिवस मॅरोपिटंट दिलं तर उलट्या आणि जुलाब दोन्ही कमी होतात असं एका ट्रायलमध्ये नीट दिसलंय. तेच व्हिन्क्रिस्टिन किंवा सायक्लोफॉस्फामाइडच्या बाबतीत करून पाहिलं तर आधी देण्याने विशेष फरक दिसला नाही, कारण मुळात त्रासच बहुतेकांना सौम्य होता. म्हणून माझं मत असं की डॉक्सोच्या वेळी आधीच द्या, पैसे वाचवू नका, आणि बाकीच्या वेळी गोळ्या घरात आणून ठेवा, लागल्या तर द्या. आणून ठेवा हे महत्त्वाचं, कारण त्रास हटकून रविवारी रात्री सुरू होतो आणि तेव्हा आपल्याकडे व्हेट सोडा, पेट फार्मसीसुद्धा उघडी नसते.

मॅरोपिटंट की ऑनडान्सेट्रॉन (की पेरिनॉर्म)

मॅरोपिटंट म्हणजे सेरेनिया नावाने माहीत असलेलं. हे कुत्र्यांसाठीच बनवलेलं औषध आहे, मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं, दिवसातून एकदा दिलं की भागतं. ओकण्यावर याच्याइतकं पक्कं काही नाही. त्रास दोनच, एक म्हणजे डोस वजनावर असतो (गोळीचा नेहमीचा डोस किलोला २ मिलिग्रॅम) त्यामुळे पॉमेरेनियनला परवडतं आणि तीस किलोच्या लॅबला खिशाला चाट बसते, आणि दुसरं म्हणजे इंजेक्शन चांगलंच झोंबतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवून थंडच टोचलं तर कमी झोंबतं, हे व्हेटला बिनधास्त सांगा, बऱ्याच जणांना माहीत असतं पण घाईत राहून जातं. लिव्हरचा त्रास असेल तर आधी सांगायचं.

ऑनडान्सेट्रॉन हे आपलंच, एमेसेट किंवा ऑनडेम, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतं आणि स्वस्त. पण दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं, आणि कुत्र्याच्या पोटात गेलेली गोळी बरीचशी लिव्हरमध्येच खलास होते, त्यामुळे इंजेक्शनने जेवढा गुण येतो तेवढा गोळीने येईलच असं नाही.

मग स्वस्त आणि कमजोर म्हणून बाद करायचं का, तर नाही. उलटी आणि मळमळ वेगळी असते आणि मॅरोपिटंट उलटी थांबवतं पण मळमळ तेवढी जाईलच असं नाही. मळमळ ओळखायला शिका: वाडग्यापाशी येतो, वास घेतो, ओठ चाटतो, गिळल्यासारखं करतो, तोंडातून लाळेची तार लोंबते आणि मान वळवून कोपऱ्यात जाऊन बसतो. घरातले म्हणतात नखरे करतोय, चिकन दे म्हणजे खाईल. नखरे नसतात ते. अशा वेळी मॅरोपिटंट चालू असतानाच ऑनडान्सेट्रॉन जोडतात, दोघांचे रस्ते वेगळे असल्यामुळे चालतं, आणि आमच्याकडे खरा फरक तेव्हाच पडला.

मेटोक्लोप्रामाइड म्हणजे पेरिनॉर्म, हे सवयीने दिलं जातं पण किमोच्या उलटीवर कुत्र्यांत ते या दोघांच्या मागेच. व्हिन्क्रिस्टिनने आतडी सुस्तावली असतील तर मात्र याचा उपयोग होतो. कुत्र्याने मोजा बॉल वगैरे गिळल्याची शंका असेल तर अजिबात नको, आणि तशी शंका असताना मॅरोपिटंट देऊन उलट्या दाबून ठेवणंही बरं नाही.

आणि ते रॅनटॅक! प्रत्येक घरात असतं म्हणून प्रत्येक कुत्र्याला दिलं जातं. रॅनिटिडिनने कुत्र्याच्या पोटातलं अॅसिड फारसं कमीच होत नाही. पॅन (पँटोप्राझोल) जास्त चांगलं, पण तेही अल्सर किंवा अॅसिडिटीचं कारण असेल तर, किमोची उलटी त्याने थांबत नाही.

खात नाही तेव्हा

पहिला पर्याय घरचा: उकडलेलं चिकन नि भात, थोडं कोमट करून, कारण कोमट केलं की वास सुटतो. चिकन घरच्या रश्श्यातून बाजूला काढलेलं नको, कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल पेशींना वाईट आणि इथे रक्त आधीच नाजूक आहे. कच्चं मांस किमो संपेपर्यंत बंद, कितीही सवय असली तरी. पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात, कुत्र्यांना विषारी) आहे का बघून घ्या.

दुसरा पर्याय भूक वाढवायच्या गोळ्या. मिर्टाझापिन आपल्याकडे केमिस्टकडे मिळतं (माणसांना डिप्रेशनला देतात, चिठ्ठी लागते), भूकही वाढवतं आणि मळमळीलाही थोडं मदत करतं, पण ट्रामाडोल (दुखण्यावरची गोळी) चालू असेल तर व्हेटला आठवण करून द्या, दोन्ही मिळून सेरोटोनिन वाढायची भीती असते. कॅप्रोमोरेलिन हे अमेरिकेत २०१६ ला खास कुत्र्यांसाठी मान्य झालेलं लिक्विड, पोटातला भुकेचा संदेश मेंदूला पोचवतं. तिकडे राहणाऱ्यांनी जरूर विचारा, इथे मिळवायला खटपट करावी लागते आणि मला वाटतं तेवढी करायची गरज नाही, कारण चॉपमध्ये निदान सुरुवातीचे काही आठवडे प्रेडनिसोलोन असतंच, त्याने बहुतेक कुत्री इतकी वखवखलेली असतात की कचऱ्याचा डबा वर ठेवावा लागतो. प्रेडनिसोलोनवर असून खात नसेल तर मळमळ नीट आवरलेली नाही असं धरून चालायचं, आधी ती आवरा, भुकेची गोळी नंतर.

तिसरा, सिरिंजने भरवणं. मी याच्या विरोधात आहे. मळमळत असताना तोंडात कोंबलेला पदार्थ कुत्रा कायमचा नावडता करतो, आणि हेच कडू गोळी आवडत्या खाऊत लपवण्याचंही होतं, मग पुढच्या आठवड्यात पनीर दिसलं की पळतो.

जुलाब

शी मऊ झालीय, रक्त नाही, कुत्रा खेळतोय: चिकन-भात, प्रोबायोटिक, भरपूर पाणी, आणि दोन दिवस वाट बघा. स्मेक्टाइटची मातीसारखी पावडर मिळते तिनेही शी बांधून यायला मदत होते, फक्त बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब द्या, नाहीतर ती गोळीच शोषून घेईल.

मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक इथे लगेच लिहून देतात, पूर्वी सगळीकडेच देत होते, पण आता त्याबद्दलचं मत बदलत चाललंय कारण चांगल्या जंतूंचीही वाट लागते आणि साधे जुलाब त्याच्याशिवायही जवळपास तेवढ्याच दिवसांत बरे होतात. सौम्य असेल तर मी प्रोबायोटिकच निवडेन. लोपेरामाइड (माणसांची जुलाब थांबवायची गोळी) मनाने देऊ नका. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या मिक्समध्ये एमडीआर१ नावाचा जीन बिघडलेला असू शकतो, त्यांना लोपेरामाइड मेंदूत चढतं, आणि त्याच कुत्र्यांना व्हिन्क्रिस्टिन-डॉक्सोचा डोसही कमी करावा लागतो, तेव्हा ही टेस्ट किमोच्या आधी.

शीमध्ये रक्त, पाणी पोटात टिकत नाही, हिरड्या कोरड्या पडल्यात, यातलं काही असेल तर घरचं सगळं थांबवून सलाईनला न्या.

ताप, इथे तुलना वगैरे नाही

थर्मामीटर घ्या, गुदद्वारातूनच. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, १०३ च्या वर आणि डोसनंतरचा तो सातव्या-दहाव्या दिवसाच्या आसपासचा काळ म्हणजे इमर्जन्सी, रात्र असली तरी. आपल्याकडे पावसाळ्यात एक जादा भानगड असते ती टिक फीव्हरची. तापही तोच, प्लेटलेटही खाली, म्हणून सीबीसीबरोबर (रक्तातल्या पेशींची मोजणी) गोचिडतापाची टेस्टही करून घ्या आणि किमोच्या काळात गोचिडांचं औषध चुकवू नका. क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम, डायक्लो यातलं काहीही द्यायचं नाही. आणि प्रेडनिसोलोन चालू असताना मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन ही कुत्र्यांची पेनकिलर पण नाहीत, दोन्ही मिळून पोटात जखमा होतात. दोन वेगळ्या डॉक्टरांकडे जात असाल तर हे हमखास निसटतं.

सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाची आतली बाजू सोलवटते, लघवीत रक्त येतं. गोळी सकाळी द्या म्हणजे दिवसभर फिरवता येतं, पाणी भरपूर, आणि व्हेट सोबत लॅसिक्स (जास्त लघवी व्हायची गोळी) देत असेल तर ते चुकवू नका. डोसनंतरच्या दोन-तीन दिवसांत शी-शू उचलताना ग्लोव्ह्ज घाला, घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करूच नये.

हळद, गुळवेल, सीबीडी

कोणीतरी काका सांगणारच. चिमूटभर हळद भातात टाकली तर बिघडत नाही, पण हळदीच्या, अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या कॅप्सूल किमोबरोबर नकोत, औषधाच्याच कामात अडथळा यायची शंका असते. गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी माणसांत तिच्यामुळे लिव्हर बिघडल्याच्या केसेस छापल्या होत्या, आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, वाद राहू दे, पण किमोची औषधं त्याच लिव्हरमधून जातात तेव्हा मी धोका घेणार नाही. सीबीडीने (भांगेच्या झाडातला, नशा न आणणारा अर्क) बरं वाटतं म्हणणारे आहेत, पण तेही लिव्हरमधूनच जातं, द्यायचंच तर व्हेटला सांगून, लपवून नाही.

गोळ्या वाढवायच्या की किमोचा डोस कमी करायचा?

हा पर्याय लोक विसरतात. एवढं सगळं देऊनही प्रत्येक डोसनंतर दोन-तीन दिवस लोळत पडत असेल तर त्याच औषधाचा पुढचा डोस थोडा, बऱ्याचदा साधारण २० टक्के, कमी करतात किंवा आठवडा पुढे ढकलतात, पेशी फार खाली असतील तर तसंही ढकलावंच लागतं. डोस कमी केला म्हणजे हरलो असं काही नाही. किमो पूर्ण थांबवून नुसतं प्रेडनिसोलोन हाही रस्ता आहे, त्याने लिम्फोमात साधारण एक-दोन महिने मिळतात, चॉपने बी-सेल प्रकारात वर्षाच्या आसपास, आणि म्हाताऱ्या, किडनी बिघडलेल्या कुत्र्यासाठी नुसत्या प्रेडनिसोलोनचा रस्ता निवडणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. डोस कमी करायचा विषय तुम्हीच काढा, तारखेसकट लिहून न्या की कुठल्या दिवशी किती उलट्या, किती खाल्लं, शी कशी होती, मोबाईलमध्ये व्हिडिओ असेल तर उत्तम, कारण क्लिनिकमध्ये टेबलावर चढवलं की आमचा तरी शेपूट हलवायला लागायचा आणि डॉक्टर म्हणायचे, मस्त आहे की हा.