व्हीलचेअरसाठी खोली आणि न्हाणीघर: फोंड्याच्या ठेकेदाराचे काम आतापर्यंत कसे झाले

सासूबाईंची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली आणि घरामागची जुनी न्हाणी त्यांना बंदच झाली. दोन पायऱ्या उतरायच्या, त्यात दार अडीच फुटी; व्हीलचेअर चौकटीतच अडकते. म्हणून मागे एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर असे वाढीव बांधकाम काढले. नकाशा आणि पंचायतीचा परवाना ठेकेदारानेच पाहिला. भिंती, स्लॅब, गिलावा झाला. लाद्या आणि रॅम्प बाकी आहे. आम्ही माणूस शोधत होतो तेव्हा असल्या कामाचा कुणाचाच अनुभव वाचायला मिळाला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

काम यांनाच द्यायचे हे पहिल्या भेटीत ठरले. बाकीचे जागा मोजून गेले. हे ठेकेदार, मेस्त, यांनी आधी विचारले, "आई कुठच्या हातानं धरतात?" मग आईंना खुर्चीत बसवून जमिनीपासून सीटपर्यंत टेप लावली. साडेअठरा इंच. कमोडची बैठक तेवढ्याच उंचीवर येणार, म्हणजे सरकताना चढही नाही आणि उतारही नाही. आईंचा डावा हात शाबूत, म्हणून कमोडवर बसल्यावर डावीकडे भिंत आणि तिच्यावर आडवा दांडा. उजवीकडे मदतीला माणूस उभा राहील एवढी जागा. अंगणात खडूने पाच फुटांचा गोल काढून खुर्ची त्यात फिरवूनही पाहिली. केंद्र सरकारच्या 2021च्या मार्गदर्शक तत्त्वांत खुर्ची वळवायला 1500 मिमी आणि दाराला 900 मिमी मोकळी रुंदी सांगितली आहे. मेस्तांना ही मापे तोंडपाठ होती.

दांड्याचे काम तर मला फारच आवडले. आपल्या भिंती चिऱ्याच्या. चिरा घराचे वजन पिढ्यानपिढ्या पेलतो, पण तो सच्छिद्र असतो; त्यातला स्क्रू सारख्या ओढीने सैल होतो. तोल गेला की माणूस सगळा भार दांड्यावर टाकतो, तेव्हा तो उपटून आला तर काय? मेस्तांनी त्या भिंतीत दांड्याच्या उंचीवर सळ्या घालून फूटभर रुंद काँक्रीटचा पट्टा ओतला. गिलाव्याआधी पाइपांशेजारी टेप धरून फोटोही पाठवले, म्हणजे पुढे भोके पाडताना पाइप फुटणार नाही.

आता तक्रारी. यांच्या प्लंबरने पाण्याचा ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचे पाणी जायचे जाळीचे तोंड, दाराजवळ बसवला होता. तसे राहिले असते तर अंघोळीचे सगळे पाणी खुर्चीच्या वाटेवर आले असते. सांगितल्यावर फोडून आतल्या कोपऱ्यात नेला, पण त्यासाठी मला दोनदा भांडावे लागले. दारही आत उघडणारे लावले. आत कुणी पडले आणि दारालाच अडले तर बाहेरून ढकलणार कसे? "सगळीकडे असंच असतं" हे उत्तर मला अजिबात पटले नाही. शेवटी मेस्तांनी स्वखर्चाने दार बाहेर उघडते केले, हेही नोंदवते.

वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ठेवून पाहिले. कुठेही ओल आली नाही. लाद्या बारा बाय बारा इंचाच्या, खरखरीत घ्यायच्या ठरल्या आहेत. दुकानदार मोठ्या चकचकीत लाद्यांचा आग्रह धरतात, पण छोट्या लादीत ट्रॅपकडे ढाळ नीट काढता येतो आणि जास्त सांध्यांमुळे पाय कमी घसरतो. खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये उंबरठा नाही.

पणजीत 2023पासून पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव भरतो, अपंगांच्या सोयींबद्दल गोव्यात बोलले जाते. पण घरातल्या न्हाणीपर्यंत ही जाणीव असलेले कारागीर अजून थोडेच. म्हणून तक्रारी धरूनही मी या ठेकेदाराला पाचपैकी चार देते.

रॅम्पचा हिशेब मात्र सर्वांनी आधीच करावा. आमचे जोते दोन फूट उंच आहे. एकास बाराच्या ढाळाने चोवीस फूट लांबी लागते, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. तेवढी सरळ जागा नसल्यामुळे रॅम्प तुळशीला वळसा घालून जाणार. पावसात त्यावर शेवाळ धरेल, म्हणून वर पत्र्याची शेड आणि दोन्ही बाजूंना कठडा मागितला आहे. शेडचा भाव अजून ठरलेला नाही. शेवटचा हप्ता मी रॅम्पवरून आईंची खुर्ची स्वतः ढकलून पाहिल्यावरच देणार आहे, आणि मेस्तांनी ते मान्य केले आहे.