पंधरा गुंठे लॉन, पेट्रोलचं मशीन: ढकलायचं घ्यायचं का सेल्फवालं?

मामानं कोल्हापूरजवळ वाघबिळाच्या अलीकडं घर बांधलं आणि हौसेला मोल नाही म्हणून पुढं-मागं मिळून पंधरा गुंठे लॉन केलं. पहिलं वर्ष रोजगारी माणसं लावून निघालं, दुसऱ्या पावसाळ्यात माणूस मिळंना आणि गवत थांबंना, मग मला फोन, "गवत कापायचं कुठलं मशीन घेऊ रे, तुला इंजिनातलं कळतंय की." कळतंय म्हणजे काय, एकदा चुकीचं घेऊन बसलोय एवढंच.

ती चूक आधी सांगतो म्हणजे पुढचं का लिहितोय ते कळंल. मी ऑनलाइन फोटो बघून, सीसी जास्त आणि पैसे कमी म्हणून एक मशीन मागवलं होतं. इंजिन बरं होतं हो, खटक्यावर बोट जागेवर पलटी, एका ओढीत चालू. पण दुसऱ्या वर्षी चालू करायच्या दोरीची पुली तुटली, विकणाऱ्याकडं पार्ट नाही, शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रीनं दुसऱ्याच कुठल्या इंजिनाची पुली घासून बसवून दिली. तोपर्यंत खालचा पत्रा, म्हणजे डेक, गवताच्या चिकानं आणि ओलीनं खाऊन बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. सीसी घेऊन काय करायचं मग?

म्हणून मामाला म्हटलं, दोनच मशीन समोर ठेव. एक 18 इंची (ही कापायची रुंदी) ढकलायचं, एक 21 इंची सेल्फ, म्हणजे चाकं इंजिनावर फिरणारं. दोन्ही फोर-स्ट्रोक, दोन्ही उभ्या शाफ्टचं, खाली पातं गरगरणारं.

आता चालण्याचा हिशोब बघा, हा कुणी दुकानात सांगत नाही. पंधरा गुंठे म्हणजे साधारण 1,500 चौरस मीटर. 18 इंच म्हणजे 46 सेंटीमीटर, पण पट्टा पट्ट्यावर थोडा चढवावा लागतोय नाहीतर मध्ये मिशा राहतात, तर धरा 40. झाले पावणेचार किलोमीटर, तीस किलोच्या आसपासचं मशीन ढकलत. 21 इंचीला 53 पैकी 47 धरा, तर सव्वातीन किलोमीटर, आणि तेही मशीन स्वतः ओढतंय, तुम्ही नुसतं दिशा द्यायची. अंतरात फरक अर्ध्या किलोमीटरचाच आहे, म्हणजे तीन इंचासाठी पैसे मोजू नका, मोजायचे तर ते सेल्फसाठी. जुलै-ऑगस्टात हे दर आठवड्याला करायचंय आणि मामाचं वय साठ.

सपाट जागा आणि सात-आठ गुंठ्यांच्या आत असेल तर मात्र ढकलायचंच घ्या, बिनधास्त. गिअर नाही, बेल्ट नाही, केबल नाही, बिघडायला काही शिल्लकच नाही. वजन कमी असल्यानं भिजलेल्या काळ्या मातीत चाकाची चाकोरी पण कमी उमटते. माझ्या स्वतःच्या घरी आता तसलंच आहे.

सेल्फमध्ये परत दोन प्रकार. पुढची चाकं फिरणारं वळवायला सोपं, हँडल दाबलं की पुढचं उचलतंय आणि वळतंय. पण मागं कापलेल्या गवताची पिशवी भरली की वजन मागं जातंय, पुढची चाकं हलकी पडतात आणि चढाला ओल्या गवतावर नुसती जागेवर फिरतात. मामाच्या मागच्या बाजूला उतार आहे, त्यामुळं मागच्या चाकावरचंच. उतारावर आडवं चालवायचं, वर-खाली नाही, पाय घसरला तर मशीन अंगावर येतंय नाहीतर पाय पात्याखाली जातोय. हँडलवरची दांडी सोडली की पातं थांबतं, ती दांडी दोरीनं बांधून ठेवणारे महाभाग मी बघितलेत. नाद नाही करायचा तसला.

आता खरी परीक्षा, पावसातलं गवत. कॅटलॉगमधला फोटो कोरड्या लॉनचा असतोय, आपल्याकडं जून ते सप्टेंबर गवत कोरडं कधी सापडतंय? ओलं गवत डेकच्या आत असं थापलं जातं की भाकरीच्या पिठाचा गोळा, हिरवागार, वाफाळता, आणि पिशवीकडं जाणारं तोंड बंद. मग इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची वायर काढा (हे विसरायचं नाही), मशीन कलंडा आणि लाकडी उलथन्यानं खरवडा. कलंडताना एअर फिल्टरची बाजू वर, नाहीतर ऑइल फिल्टरात उतरतंय आणि पुढच्या वेळी पांढरा धूर. मल्चिंग म्हणून जे सांगतात, बारीक चुरा करून तिथंच खत, ते दिवाळीनंतर छान चालतं, पावसाळ्यात नुसते गोळे पडतात आणि त्याखालचं लॉन पिवळं होतंय. म्हणून बाजूनं गवत फेकायची सोय असलेलंच घ्या, पिशवी असली तरी. आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त कापायचं नाही, वाढलंच असेल तर पातं वर घेऊन एकदा आणि तीन-चार दिवसांनी खाली घेऊन परत.

पिशवीचा एक फायदा आहे पण, शेजारी म्हैस असली तर. मामाच्या शेजारी आहे, ताजं गवत त्याच संध्याकाळी जातं. ढीग करून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आत हात घालवत नाही इतकं तापतं. तणनाशक मारलं असेल तर मात्र द्यायचं नाही.

इंजिनावर फार डोकं लावू नका. होंडाचंच उदाहरण घ्या, जीसीव्ही घरगुती वापराचं, जीएक्सव्ही धंद्यावाल्यांचं, रोज राबणारं आणि तेवढंच महाग. पंधरा गुंठ्यांना वर्षाचे तीस-चाळीस तास होतात, घरगुती इंजिन निवांत पुरतंय. पैसा डेकवर घाला. जाड पत्रा किंवा ॲल्युमिनियम, दुकानात बोटानं वाजवून बघा, पत्र्याच्या डब्यासारखं वाजलं तर पुढं चला. पार्ट कोल्हापुरातच मिळतात का ते मशीन बघायच्या आधी विचारा: दोरी, पुली, पातं, केबल.

पेट्रोलचं एक दुखणं आहे. आपल्याच उसाचं इथेनॉल आता आपल्याच टाकीत, पंपावर 20 टक्केवालं मिळतंय, आणि बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलंय. बिल करायच्या आधी विक्रेत्याकडून 20 टक्क्यांचं लिहून घ्या. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, महिनाभर टाकीत राहिलं की कार्बोरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, चोंदते आणि मग दोरी ओढून खांदा निखळायची वेळ. पंधरा दिवसांपुरतंच पेट्रोल आणायचं, काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. ऑइल पहिल्या पाच-एक तासांतच बदला, लोक वर्ष-वर्ष तसंच वापरतात.

"मग ब्रश कटरच घेऊ की, स्वस्त पडतंय," असं मामी म्हणाली. दांड्याच्या टोकाला पातं फिरणारं ते मशीन पाठीवर घेऊन पंधरा गुंठे करून बघा एकदा. लॉन एकसारखं पण येत नाही, खालीवर खड्डे दिसतात. बांधाकडंला, झाडाच्या बुंध्याला, दगडाच्या कडेला मात्र त्याला पर्याय नाही, तेवढ्यासाठी लहान घ्या. टू-स्ट्रोक असेल तर ऑइल पेट्रोलात मिसळावं लागतं, लॉनच्या मशीनच्या टाकीत ते चुकून ओतू नका, डबे वेगळ्या रंगाचे ठेवा. बसून चालवायचं मशीन एकर-दीड एकर सपाट असेल तर बघायचं, झाडं असलेल्या पंधरा गुंठ्यांत ते वळवण्यातच दिवस जातोय. वायरवालं इलेक्ट्रिक ओल्या गवतावर, सव्वातीन किलोमीटर, नकोच.

तर मामाचं 21 इंची, मागच्या चाकावरचं, बाजूनं फेकणारं जवळपास ठरलं. अडलंय ते भलत्याच ठिकाणी. 21 इंच ही कापायची रुंदी, चाकं धरून मशीन बाहेरून त्यापेक्षा रुंद. मागच्या लॉनकडं जायला बोळात एक लोखंडी फाटक आहे, परवा टेप लावला तर बरोबर 22 इंच. गवंड्याला फोन झालाय, तो म्हणतोय पाऊस उघडल्यावर बघू.