जीडाल ट्रान्सलेटमधला ‘स्केल’ पर्याय: सांगाल तेवढेच करणारे अवजार

उपग्रह प्रतिमा पहिल्यांदाच उतरवून घेणाऱ्या बहुतेकांना एक धक्का बसतो. तासभर वाट पाहून भली मोठी फाइल हाती यावी, ती उघडावी आणि पडद्यावर काळ्याकुट्ट चौकोनाखेरीज काहीच दिसू नये. फाइल बिघडलेली नसते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची प्रतिमा सोळा बिटांत साठवलेली असते, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये ० ते ६५५३५ पर्यंतचा आकडा मावतो. पण शेत, रान, पाणी, वस्ती या सगळ्यांचे आकडे पहिल्या चार-पाच हजारांतच आटोपतात. फोटो पाहण्याचे साधे सॉफ्टवेअर मात्र पूर्ण पल्ला गृहीत धरते, आणि त्या हिशेबाने सारी जमीन अंधारातच राहते. आपल्या रिसोर्ससॅट-२ च्या लिस-४ कॅमेऱ्याची प्रतिमा तर दहा बिटांची, म्हणजे १०२३ च्या पुढे आकडाच नाही. ती सोळा बिटांच्या फाइलमध्ये आली की हीच गत होते.

हे आकडे ० ते २५५ च्या पल्ल्यात आणून बसवणे हे जीडाल ट्रान्सलेट या आज्ञेतल्या ‘स्केल’ पर्यायाचे काम. जीडाल ही फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली, उपग्रह प्रतिमांच्या आणि नकाशांच्या फाइली वाचण्या-लिहिण्याची मुक्तस्रोत लायब्ररी आहे आणि नकाशे करण्याच्या क्यूजीआयएससकट या क्षेत्रातली असंख्य सॉफ्टवेअर आतून तिच्यावरच चालतात. पाणलोट आणि पीकपाहणीचे नकाशे करताना गेली काही वर्षे मी हा पर्याय जवळजवळ रोज वापरते आहे. माझे मत आधीच सांगते: गणितात तो कधी चुकलेला मी पाहिला नाही, पण त्याला स्वतःची समज अजिबात नाही, आणि ती त्याच्याकडे आहे असे धरून चालणाऱ्याची तो हमखास फजिती करतो.

आज्ञेची रचना सोपी आहे. ‘स्केल’ या शब्दापुढे चार आकडे द्यायचे: मूळ किमान, मूळ कमाल, नवे किमान, नवे कमाल. सोबत ‘ओटी’ या पर्यायाने निकालाचा प्रकार ‘बाइट’, म्हणजे फक्त ० ते २५५ मावणारा, असल्याचे सांगायचे. या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, हे नवख्याच्या लवकर ध्यानात येत नाही. फक्त ‘ओटी’ दिले आणि ‘स्केल’ विसरले, तर २५५ च्या वरचा प्रत्येक आकडा २५५ होतो आणि प्रतिमा पांढरीफटक निघते. उलट ‘स्केल’ दिले आणि ‘ओटी’ विसरले, तर आकडे २५५ च्या आत येतात खरे, पण फाइल सोळा बिटांचीच राहते आणि पूर्वीपेक्षाही काळी दिसते. दोन्ही वेळा आज्ञा शंभर टक्के काम झाल्याचे दाखवून मोकळी होते. सूचना नाही, इशारा नाही.

उजनी धरणाच्या एका प्रतिमेवरून आतले गणित पाहू. जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांमध्ये १००० मिळवलेले असतात. म्हणजे आकड्यातून १००० वजा करून १०००० ने भागले की परावर्तन, म्हणजे परत फिरलेल्या प्रकाशाचे प्रमाण, मिळते. म्हणून मी मूळ पल्ला १००० ते ४००० आणि नवा पल्ला १ ते २५५ ठेवला, कारण ० हा आकडा मला रिकाम्या जागेसाठी राखून ठेवायचा होता. लाल बँडमध्ये, म्हणजे लाल प्रकाश टिपणाऱ्या थरात, धरणाच्या पाण्याचा आकडा १३०० होता, तो २६ झाला. काठच्या शेतातला १६०० चा ५२ झाला. ढगाचा ९००० हा गणिताने ६७८ वर गेला आणि बाइटमध्ये मावत नसल्यामुळे २५५ वर थांबला. ढगातले बारकावे गेले, पण मला त्यांचे काही करायचे नव्हते.

खरी गंमत याच प्रतिमेत पुढे झाली. निकाल नकाशावर चढवला तेव्हा धरणाच्या मधोमध टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसू लागली. खोल पाण्यातल्या काही पिक्सेलांचा आकडा ९५० च्या आसपास होता, म्हणजे मी दिलेल्या किमान मर्यादेच्या खाली. माझी समजूत अशी होती की १००० च्या खालचे सगळे १ वर येऊन थांबेल. तसे होत नाही. तुम्ही दिलेले आकडे केवळ गुणक (कितीने गुणायचे) आणि वाढावा (किती मिळवायचे) काढण्यासाठी वापरले जातात, मूळ आकड्यांना त्यांचे कुंपण पडत नाही. ९५० चे गणित शून्याच्याही खाली गेले, बाइटने ते ० वर अडवले, आणि ० म्हणजे रिकामे असे मीच ठरवलेले असल्यामुळे पाण्याला भोक पडले. उपाय अधिकृत माहितीपुस्तिकेतच लिहिलेला आहे: ‘एक्स्पोनंट १’ हा पर्याय जोडायचा. एकाचा घात घेतल्याने गणितात काडीचाही फरक पडत नाही, पण घाताच्या वाटेने गेलेले आकडे मात्र मर्यादेत बांधले जातात. बदल काहीच न करणारा पर्याय दुसऱ्याच परिणामासाठी वापरायचा, ही रचना मला आजही विचित्र वाटते आणि तिला मी गुण देणार नाही.

‘एक्स्पोनंट’चा मूळ उपयोग मात्र सुरेख आहे. तिथे ०.५ दिले की अंधारे भाग उजळतात. वरचेच पाणी २६ ऐवजी ८१ वर आणि शेत ५२ ऐवजी ११५ वर येते. सह्याद्रीच्या दऱ्यांमधल्या सावल्या ज्यांना उघडून पाहायच्या असतील त्यांनी हे जरूर करून पाहावे.

चार आकडे न देता नुसते ‘स्केल’ लिहिण्याचीही सोय आहे. तेव्हा आज्ञा प्रतिमेतले किमान आणि कमाल स्वतः शोधते. या सोयीपासून लांब राहावे, असे मी सांगेन. सेंटिनेलची प्रतिमा चौकोनी तुकड्यांत मिळते आणि तुकड्याची रिकामी कड ० असते, त्यामुळे किमान ० निघते. एखाद्या चकचकीत ढगामुळे कमाल पंधरा-सतरा हजारांवर जाते. मग सगळी शेती वीस ते साठच्या चिंचोळ्या पट्टीत कोंबली जाते. उंचीच्या रास्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलागणिक उंची साठवलेल्या फाइलमध्ये, रिकाम्या जागी -३२७६८ भरलेले असेल आणि फाइलमध्ये तशी नोंद नसेल, तर सारे डोंगर एकाच फिकट रंगाचे होतात. शिवाय प्रत्येक बँडचा पल्ला वेगळा काढला जात असल्याने रंगही बिघडतात.

याचा फटका मला सुरुवातीलाच बसला होता. एका कार्यालयासाठी सहा तुकडे जोडून मोझॅक करायचे होते. मी प्रत्येक तुकड्यावर आकडे न देता ‘स्केल’ चालवले आणि मग ते जोडले. प्रत्येक तुकड्याचे किमान-कमाल वेगळे, त्यामुळे जोड झाकले तर नाहीतच, उलट अख्ख्या नकाशाची गोधडी झाली. एकच ऊस एका ठिगळात हिरवागार आणि शेजारच्या ठिगळात करपलेला. रात्रभर सगळे पुन्हा करावे लागले. तेव्हापासून आधी जीडाल इन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेच्या ‘हिस्ट’ पर्यायाने आकड्यांचा पसारा बघायचा, एकच पल्ला ठरवायचा आणि तोच सगळ्या तुकड्यांना द्यायचा, हा माझा शिरस्ता आहे. दोन्ही टोकांचे दोन-दोन टक्के आपोआप सोडून देण्याची जी सोय क्यूजीआयएसमध्ये आहे, ती इथे नाही. ती असायला हवी होती.

वेगाबद्दल तक्रार नाही. दहा मीटर बँडचा एक तुकडा १०९८० गुणिले १०९८० पिक्सेलांचा, म्हणजे बारा कोटींहून अधिक आकडे. माझ्या साध्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत तीनही बँड तयार होतात आणि बिनदाबाची फाइल निम्म्यावर येते. तेवढेही थांबायचे नसेल तर निकाल व्हीआरटी प्रकारात मागावा. गुणक आणि वाढावा यांची नोंद असलेली काही ओळींचीच मजकूर फाइल क्षणात बनते आणि आकडेमोड प्रतिमा उघडताना होते. पल्ला ठरेपर्यंत चाचपडायला याच्यासारखे दुसरे साधन नाही.

एक गल्लत मात्र टाळावी. डोळ्यांना दिसावे म्हणून केलेली ही बसवणी मोजमापासाठी वापरू नये. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या कलेक्शन-२ या संचामधल्या भूपृष्ठ परावर्तनासाठी ०.००००२७५ हा गुणक आणि -०.२ हा वाढावा ठरलेला आहे. ते ‘ए-स्केल’ आणि ‘ए-ऑफसेट’ने फाइलमध्ये नोंदवावेत आणि खरे आकडे हवे असतील तेव्हा ‘अनस्केल’ने दशांशात काढावेत. बाइटमध्ये बसवलेल्या प्रतिमेवरून पिकाचा हिरवेपणा मोजणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे आलेख देखणे असतात, पण त्यातले आकडे कशाचेच नसतात.

२०२५ मध्ये आलेल्या ३.११ आवृत्तीपासून ‘जीडाल रास्टर स्केल’ ही स्वतंत्र आज्ञा मिळाली आहे. तिच्यात चारही आकड्यांना नावे आहेत, त्यामुळे क्रम चुकण्याची भीती नाही, आणि मर्यादेबाहेरचे आकडे ती मुळातच बांधून ठेवते. तसे नको असेल तर वेगळे सांगावे लागते. नव्याने शिकणाऱ्याने थेट तिथूनच सुरुवात करावी. माझ्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये मात्र ‘एक्स्पोनंट १’ अजून तसेच आहे, आणि त्याच्या शेजारी उजनीची आठवण देणारी एक ओळही.